माझी हरकत आहे

सगुणा, परवा देवळात तुझ्या खिडकीजवळच्या जागेवर एका पंचांची नवी सून येऊन बसली. तिला बिचारीला काय ठाऊक. मी मागच्या बाकावरून उठले, पुढे गेले आणि तिला म्हटलं, बाई, इथे फार ऊन येतं, तिकडे सरक. ऊन कसलं, उत्तरेची खिडकी ती. पण ती सरकली आणि उपासना संपेपर्यंत ती जागा रिकामी राहिली. म्हणजे तू गेल्यावर पाचव्याच रविवारी मी देवळात उभी राहून खोटं बोलले. तू असतीस तर चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं असतंस.

हे मी मंडळीच्या मासिकासाठी लिहीत नाहीये. तिथे तुझ्यावर चार ओळी छापून आल्या. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, रेल्वेच्या दवाखान्यात किती वर्षं नर्स, आणि शेवटी ‘निधन पावल्या’. अगं, आपल्यात कुणीही गेलं तरी ‘प्रभूत झोपी गेले’ असं लिहितात. बायकोला रोज बडवणाऱ्या त्या पेटीवाल्यालासुद्धा लिहिलं होतं. तुला नाही लिहिलं. त्यावर पंचांची बैठक झाली म्हणे, आणि ते शब्द गाळायचं ठरलं. कारण एकच. तू एका बाईला क्षमा केली नव्हतीस, आणि ते कुणापासून लपवलं नव्हतंस. ती बाई मी. तेव्हा यावर बोलायचा हक्क कुणाचा असेल तर तो माझा आहे, आणि मी बोलणार आहे.

घाटावरच्या त्या मुलींच्या बोर्डिंगात तू माझ्या दोन वर्षं पुढे होतीस. माझ्याकडे ट्रंक नव्हती म्हणून तुझ्या ट्रंकेत तू मला अर्धी जागा दिलीस, आणि वर दम दिलास की माझ्या साड्यांना हात लावलास तर बघ. माझ्या डोक्यातल्या उवा तू काढल्यास. पुढे तू नर्स झालीस, मी मास्तरीण झाले, आणि फिरत फिरत दोघी कल्याणात येऊन पडलो. तू नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमागे, मी मुलींच्या शाळेत. सुमती चार वर्षांची असताना तुझा नवरा गेला. मी लग्नच केलं नाही. रविवारची उपासना झाली की तुझ्याकडे चहा, मग तिथेच जेवण, मग तिथेच लवंडायचं. तुझ्या लेकीला पाढे मी शिकवले. हे एवढं सगळं अशासाठी सांगतेय की, मी जे केलं ते कुणा परक्यानं केलेलं नव्हतं.

आपल्यात लग्न ठरलं की तीन रविवार देवळात पुकारतात. पाळक दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत आहे काय. कुणाची नसते. लोक खोकतात, बायका पदर सारखे करतात, पाळक पुढच्या गीताचा आकडा सांगतात. सुमतीचं ठाण्याच्या शमुवेलशी ठरलं होतं. मुलगा तिथल्या कचेरीत कारकून, निर्व्यसनी, गाणारा. दोन रविवार नीट पार पडले. तिसऱ्या रविवारी पाळकांनी विचारलं आणि मी उभी राहून म्हटलं, “माझी हरकत आहे.”

माझ्या हातात एक पत्र होतं. आपल्याच बोर्डिंगातल्या एकीनं गावाकडून लिहिलेलं, की त्या त्या गावच्या, त्या त्या आडनावाच्या शमुवेलचं लग्न आधीच झालंय आणि बायको त्यानं माहेरी टाकलीय. गाव तेच, आडनाव तेच, नाव तेच. मी ते पत्र अख्ख्या मंडळीपुढे वाचलं, वर्गात धडा वाचतात तसं खणखणीत. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. सुमतीनं पाहिलं नाही. ती पुढ्यातल्या गीताच्या पुस्तकाकडे बघत बसली होती.

पंधरा दिवसांत सगळं उघडं पडलं. त्या गावात अख्ख्या आळीचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झाला होता, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या साहेबाला पोरांसाठी फारशी नावं आठवली नसावीत. तीन चुलत भाऊ, तिघंही शमुवेल. बायको टाकलेला तो निराळा. आपल्या लोकांत ही काही नवलाची गोष्ट नाही. बोर्डिंगात माझ्या एका वर्गात पाच मार्था होत्या, बाई हाक मारायच्या तेव्हा पाचही उठायच्या. मला विचारायला सुचायला हवं होतं की, बाई गं, कुठला शमुवेल. शनिवारी तुझ्या घरी येऊन, दार लोटून, ते पत्र तुझ्या हातात ठेवायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मी रविवारची वाट बघितली.

का बघितली ते मंडळीला मी कधी सांगितलं नाही. आता सांगते. तो शमुवेल मला माझ्या भावाच्या मुलीसाठी हवा होता. मी मनातल्या मनात धरून बसले होते, आणि तू बोलणी करून मोकळी झालीस, मला सगळं ठरल्यावर सांगितलंस. पत्र आलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, सगुणा. मला बरं वाटलं. तुला ते न सांगताच कळलं होतं. मी उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडावर काय होतं ते तू पाहिलंस ना.

ठाण्याच्या लोकांनी अपमान झाला म्हणून लग्न मोडलं. चूक कळल्यावर मी स्वतः ठाण्याला गेले, तलावपाळीजवळ त्यांच्या घराच्या पायरीवर उभी राहिले, हात जोडले. त्यांनी आत बोलावलं नाही, आणि त्यांचंही काही चुकलं नाही. सहा महिन्यांत त्याचं दुसरीकडे झालं. सुमती नर्सिंग शिकायला म्हणून घाटावर गेली ती तिथल्याच इस्पितळात राहिली. लग्नाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. तुझ्या घरात आता एकच ताट लागायचं.

मी मंडळीपुढे माफी मागितली. पंचांनी मला तीन महिने मागच्या बाकावर बसवलं, प्रभुभोजनाच्या भाकरीला-प्याल्याला बंदी केली. मग एका रविवारी पुढे बोलावलं, एक गीत झालं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला आणि मला परत घेतलं. पाच मिनिटंही लागली नसतील. मंडळीनं मला पाच मिनिटांत क्षमा केली, कारण मंडळीचं काहीच गेलं नव्हतं.

त्या दिवशी बाहेर नळापाशी मी तुझी वाट बघत उभी होते. तू आलीस, पाणी प्यालीस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, “इस्तेर, माझ्याकडून होत नाही. आणि खोटं मी बोलणार नाही.”

त्या रविवारपासून ते सुरू झालं. प्रभूची प्रार्थना आपण सगळे मिळून मोठ्यानं म्हणतो. तिच्यात ती ओळ येते, आम्ही दुसऱ्याला क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशी. तिथे आलं की तू गप्प व्हायचीस. तुझा आवाज जाडा, घोगरा, सगळ्यांच्या खाली वाजणारा, तो गळला की मागच्या बाकापर्यंत कळायचं. ओळ संपली की परत यायचा. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीची ताटली बाकावरून फिरत तुझ्याकडे आली की तू ती एका हातानं घ्यायचीस आणि दुसऱ्या हातानं पुढे द्यायचीस. स्वतः घ्यायची नाहीस. तुला कुणी बंदी केलेली नव्हती. तूच स्वतःला केलीस. सात वर्षं.

लोक म्हणायचे, काय ही बाई, मनात एवढं धरून ठेवायचं आणि देवळात यायचं. मला कुणी असं म्हणालं की माझं डोकं फिरायचं. ती ओळ म्हणताना एकमेकांना पाण्यात बघणारी माणसं मला नावानिशी माहीत होती. जमिनीवरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेले दोन पंच ती ओळ सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे. तू एकटी गप्प राहायचीस. मला विचारशील तर अख्ख्या देवळात ती प्रार्थना तू एकटीच ऐकत होतीस.

तू संत होतीस असं मात्र कुणी म्हणू नये. मी तर नाहीच म्हणणार. तुझा राग नाकावर. कल्याण कॅम्पात निर्वासितांना लस टोचायला जायचीस तेव्हा रडणाऱ्या पोराबरोबर त्याच्या आईलाही ओरडायचीस. दवाखान्यातल्या आयाच्या एकदा थोबाडीत दिलीस, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या रेशनची साखर घेऊन तिच्या खोलीवर गेलीस. महिन्याभरानं परत दिलीस. परत साखर. ती आया तुझ्या मातीला आली होती, सगुणा, आणि कोणीही रडलं नसेल एवढी रडली.

मग मला टायफॉईड झाला. लग्न मोडल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शाळेतल्या बायका दारातून विचारपूस करून जायच्या. पंचांनी माझ्यासाठी प्रार्थना ठेवली, तीही आपापल्या घरी. चौथ्या दिवशी सकाळी दार ढकलून तू आत आलीस. हातात तुझा तो पितळेचा कडीचा डबा. मला वाटलं, तापात दिसतंय काहीतरी. तू पदर खोचलास, माझ्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, “क्षमा केलेली नाही. पेज आणलीय. ऊठ.”

एकवीस दिवस तू येत होतीस. कामावर जायच्या आधी आणि कामावरून सुटल्यावर. माझं अंग पुसलंस, चादरी धुतल्यास, माझं गू-मूत काढलंस. एक गोड शब्द बोलली नाहीस. मी रडायला लागले तर म्हणायचीस, अंगातलं पाणी वाया घालवू नकोस. ताप उतरल्यावर मला वाटलं आता झालं, आता आपण पूर्वीसारख्या. रविवारी देवळात गेले, आणि त्या ओळीला तुझा आवाज परत गळला. मला इतका राग आला म्हणून सांगू. पेजेपेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर परवडलं असतं.

पण येणंजाणं सुरू झालं ते झालंच. तू माझ्याकडे यायचीस, मी तुझ्याकडे. निवडायला तांदूळ पुढ्यात घ्यायचे आणि भांडायचं. तुला आठवतंय ना, तो आपला एकच वाद, वर्षानुवर्षं तोच. मी म्हणायची, प्रभूचं मेज पापी माणसांसाठीच मांडलेलं आहे, चांगल्यांसाठी असतं तर ताटली तशीच परत गेली असती. तू नर्स ना, मग सांग, दुखणं बरं झाल्यावर औषध घेतात का. तू खडे वेचत म्हणायचीस, दवाखान्यात येणाऱ्यानं कुठे दुखतंय ते खरं सांगावं लागतं, मी सांगतेय, अजून दुखतंय. मी म्हणायची, मग घे की औषध. सुपातले तांदूळ पाखडायला लागायचीस, म्हणजे पुढे काही बोलता येऊ नये.

एकदाच तू बोललीस. कुठल्याशा दुपारी, मी विचारलंही नव्हतं. म्हणालीस की, मी रोज सकाळी उठल्या उठल्या तुला सोडते. खरंच सोडते. मग चूल पेटवते, आणि चहा उकळेपर्यंत तुला परत धरलेलं असतं. एकच कप चहा करायचा असतो ना, तो ओतताना सुमती आठवते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की तू मला एकदा नाही, हजारदा क्षमा केली होतीस, आणि त्यातली एकही दुपारपर्यंत टिकली नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर तुझ्या पोटात गाठ निघाली. तुला डॉक्टरांच्या आधी समजलं होतं. अंथरूण धरलंस तेव्हा मी शाळेतून रजा काढली आणि तुझ्याकडे राहायला आले. तू म्हणालीस, कशाला. मी म्हटलं, माझीही तुला क्षमा नाही, वादात मला कधी जिंकू दिलं नाहीस. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस, पण तुझे खांदे हलले. हसलीस. मी पाहिलं.

नवे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले तो दिवस मला सांगायचाय, कारण सगळं तिथून पेटलं. वाईट माणूस नव्हे तो. तरुण आहे, नुकताच शिकून आलाय, पुस्तकात आहे तसं करतो. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि हळू आवाजात तुला विचारलं की, बाई, मनात कुणाविषयी अढी आहे का. तू म्हणालीस, आहे, इस्तेरविषयी, ती बघा ती स्टोव्हपाशी उभी आहे. ते गडबडले. त्यांनी विचारलं, आता तरी क्षमा केलीत ना. तू म्हणालीस, “रोज करते, रोज मोडते. आज सकाळचीही मोडली.” त्यांनी भाकरीची डबी पिशवीत परत ठेवली आणि म्हणाले, मनाची तयारी झाली की निरोप पाठवा, मी लगेच येईन. आणि प्रार्थना करून गेले.

ते गेल्यावर तू म्हणालीस, बरोबर आहे त्यांचं. माझ्या हातातली किटली मी आपटली. बरोबर नाही, सगुणा. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तू ‘हो’ म्हटलं असतंस तर भाकर मिळाली असती. एक खोटा शब्द. आपल्यातल्या निम्म्यांनी तो म्हटला असता आणि त्याच दिवशी ते प्रभूत झोपी जायला मोकळे झाले असते. तू मरायला टेकलेली होतीस आणि तरी तू खरं बोललीस, म्हणून तुला उपाशी ठेवलं.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. मी तासाभरासाठी तुझ्यापाशी शेजारणीला बसवलं आणि देवळात गेले. ताटली आली, मी माझा तुकडा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि रुमालात घेतला. दारूबंदी आल्यापासून आपल्याकडे प्याल्यात मनुका उकळलेलं पाणीच असतं, ते काही रुमालात आणता येत नाही, म्हणून घरी येऊन मी मूठभर मनुका उकळल्या. दुपारची वेळ, तू जागी होतीस. मी रुमाल उघडून तुझ्यापुढे धरला.

तू विचारलंस, “पाळकांनी पाठवली?”

“नाही. चोरलीय.”

तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग हसायला लागलीस. पोट धरून, कळ येत होती तरी. सात वर्षांत तू माझ्यासमोर तोंड लपवल्याशिवाय हसली नव्हतीस. म्हणालीस, काय बाई आहेस तू, चोरायला देवाच्या घरचीच सापडली. मग विचारलंस की तू खाल्लीस का. मी म्हटलं, माझाच वाटा हा, दुसरा कुठून आणू. तू म्हणालीस, मग अर्धा तुझा, आण इकडे, आणि त्या एवढ्याशा तुकड्याचे दोन केलेस.

आधी प्रार्थना म्हणायची, असं तूच म्हणालीस. म्हणायला लागलो. ती ओळ आली. तू थांबलीस. मीही थांबले, कारण आता आपण दोघीच होतो, ओळ झाकायला मंडळी नव्हती. भिंतीपलीकडे शेजारीण कपडे धोपटत होती तेवढाच आवाज. मग तू डोळे मिटूनच म्हणालीस, “माझ्या वतीनं तू म्हण. मला जमलं की मी मागून येईन.”

आणि मी म्हटली. ज्या बाईनं तुझ्या लेकीचं लग्न मोडलं तिनं तुझ्या वतीनं स्वतःकडेच क्षमा मागितली आणि स्वतःलाच दिली. कुठल्या शास्त्रात हे बसतं ते मला ठाऊक नाही, आणि बसत नसलं तरी माझं काही म्हणणं नाही. तू तुकडा खाल्लास. मनुकांचं पाणी चमच्यानं घेतलंस. साखर कमी आहे म्हणालीस. चौथ्या दिवशी सकाळी तू गेलीस. त्या चार दिवसांत तू त्या ओळीबद्दल एक शब्द काढला नाहीस, आणि मीही विचारलं नाही. मागून आलीस की नाही ते तुला माहीत.

मातीला पुष्कळ लोक आले. सुमती पहाटेच्या गाडीनं आली होती. पाळकांनी जपून, शब्द तोलून प्रार्थना केली. तुझ्या सेवेचं नाव घेतलं, दवाखान्याचं, कॅम्पाचं. आणि मग म्हणाले की, आपल्या या बहिणीनं शेवटच्या घटकेला जर मनातली अढी काढून टाकली असेल, तर प्रभूनं तिला जवळ घेतलं असेल. माझ्या कानात तो ‘जर’ तापल्या सळईसारखा गेला. मला भान राहिलं नाही. सात वर्षांपूर्वी देवळात उभी राहिले होते तशीच पुढे झाले आणि म्हटलं, “पाळकसाहेब, माझी हरकत आहे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना तो जुना रविवार आठवला असणार. सुमतीनं या वेळी मात्र माझ्याकडे सरळ पाहिलं.

मी म्हटलं, “हिनं शेवटच्या घटकेलाही मला क्षमा केलेली नाही, मी तिथे होते. पण मनात अढी ठेवून हिनं एकवीस दिवस माझं गू-मूत काढलं. मला क्षमा केलेल्यांपैकी कुणी काढलं असेल तर त्यानं पुढे यावं. हिच्यावर कृपा नव्हती, तर मग तुमच्या-माझ्यावर ती कुठून आली?” आणि पाठोपाठ भाकर चोरल्याचंही सांगून टाकलं. कुणी पुढे आलं नाही. पाळकांनी प्रार्थना तिथेच संपवली आणि आम्ही माती टाकली.

सुमती जायच्या आधी माझ्या खोलीवर आली. पितळेचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, आईनं पत्रात कळवलं होतं, डबा इस्तेरला दे. एवढंच. का, कशासाठी, काही नाही. हे बायकांना कळलं तेव्हा पंचीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, बघा, शेवटी क्षमा केलीच की. मी म्हटलं, डबा म्हणजे डबा. तू जे बोलली नाहीस ते मी तुझ्या तोंडात घालू देणार नाही. चांगल्या मनानंही घालू देणार नाही.

मग पंचांनी मला बोलावलं. पवित्र भाकर चोरली म्हणून मागच्या बाकावर बसायचं, पश्चात्ताप होईपर्यंत. मी म्हटलं, भाकरीचा होत नाही. शमुवेलचा होतो, रोज होतो, तो हवा तर घ्या. ते म्हणाले, त्याची क्षमा झालीय. मी म्हटलं, तुमच्याकडून झालीय. तेव्हापासून मी मागच्या बाकावर आहे, आणि तिथून मला तुझी खिडकी नीट दिसते.

पण सगुणा, एक भलतंच होऊन बसलंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार. तुझ्या मातीनंतरच्या रविवारी प्रार्थना सुरू झाली. मी नेहमीसारखी म्हणत होते. ती ओळ आली आणि समोर पाळक डोळे मिटून उभे, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तो ‘जर’ आठवला, आणि माझे दात बसले. शब्द निघेना. शेजारच्या बाईनं वळून बघितलं. पुढच्या रविवारी तेच. मला आयुष्यात त्या ओळीचा त्रास झाला नव्हता, कारण माझं कुणी काही बिघडवलं नव्हतं, बिघडवणारी मीच. आता कळतंय तू सात वर्षं कुठे उभी होतीस ते. मी तुला औषध घे, औषध घे म्हणून डोकं खात होते. तू मला हाकलून कसं दिलं नाहीस हेच मला आता नवल वाटतं. रोज सकाळी मी त्या पाळकाला सोडते. आणि अगं, चहापर्यंतसुद्धा पोचत नाही मी.

सोमवारी कळलं की पाळक तापानं पडलेत. पाळकीणबाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. देवळामागच्या त्या दोन खोल्यांत माणूस एकटा. पंचांनी त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवलीय, आपापल्या घरी. मी म्हटलं, मरू दे, आपल्याला काय. खरंच म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. मग तांदूळ धुतले. धुताना शिव्या देत होते, त्याला आणि तुलाही. पेज झाली, मीठ घातलं, लिंबाच्या लोणच्याची एक फोड बाजूला ठेवली. डबा घासला, तुझ्या कडीत माझी बोटं अडकतात, तुझे हात केवढे होते. दूध नाक्यावरून देवळापर्यंत भर उन्हात तुझ्याशी भांडत गेले. मी म्हणत होते, हे तुझं काम आहे, तू मेलीस आणि माझ्या गळ्यात घातलंस.

दार उघडंच होतं. पाळक खाटेवर, दाढी वाढलेली, तापानं डोळे लाल. मला बघून धडपडत उठायला लागले. त्यांना वाटलं मी पश्चात्ताप सांगायला आलेय. म्हणाले, बाई, बरं झालं आलात, प्रभूनं तुमचं मन वळवलं.

मी पदर खोचला, त्यांच्या कपाळाला हात लावला, चांगलंच भाजत होतं. डबा खाटेपाशी ठेवला आणि म्हटलं, “उठू नका. क्षमा केलेली नाही. पेज आणलीय.”